कुत्रीची सोयरीक, इवायाची सही

आमच्या घरात पणजा-पणजीपर्यंतचा छापील इतिहास एकीचाच आहे, आणि ती आत्ता भात खाऊन पायरीवर झोपली आहे. तिच्या आईचं नाव कागदावर आहे, बापाचं आहे, दोन्हीकडचे आजी-आजोबा, पणजी-पणजोबा, सगळे आपापल्या चौकोनात ओळीने बसलेले. चौदा नावं. मी बोट ठेवून मोजली आहेत. माझं विचाराल तर मला आईच्या आईचं नाव माहीत आहे, तिच्या आईचं नाही. ती तुमसरकडून बैलगाडीत बसून कटंगीला आली आणि तिच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, एवढंच ऐकलं आहे. तेव्हा घरात खानदानी कोण, हा प्रश्न आमच्याकडे केव्हाच मिटला.

कुत्रीचं कागदावरचं नाव इंग्रजीत, चार शब्दांचं. घशात अडकतं. यांना माझंही नाव घ्यायची सवय नाही, लग्न झाल्यापासून मला 'अवो' म्हणतात. मग तिलाही 'अवो'च झालं. दुपारी बाहेरून हाक आली की आम्ही दोघी एकदमच उठतो. फरक एवढाच की ती शेपूट हलवते.

ती आली मलाजखंडहून. यांनी उभा जन्म तिथल्या तांब्याच्या खाणीत डंपर चालवला. निवृत्त व्हायच्या वर्षी एका इंजिनियर साहेबांची बदली झाली, आणि नव्या गावातलं घर वरच्या मजल्यावरचं. त्यांनी आपली अल्सेशियन कुत्री यांच्या हवाली केली, सोबत एक फाईल दिली. आम्ही दोन मुलींची लग्नं केली, त्यांच्यासोबत फाईल दिली नाही. हिच्यासोबत आली. आत तो चौदा नावांचा कागद, आणि मागच्या बाजूला पेनाने लिहिलेलं यांचं नाव. नवीन मालक म्हणून. वर शिक्का.

इंजिनियर साहेबांनी जाताना एक गोष्ट सांगितली ती यांच्या डोक्यात बसली. म्हणाले, मालकाचं नाव बदलत राहते. पण पिल्लं ज्याच्या घरी जन्मली त्याचं नाव समोरच्या बाजूला छापून येते, ब्रीडर म्हणून, आणि ते कधीच बदलत नाही. पिल्लू दिल्लीला जाओ का विलायतेला.

आता यांचं सांगते. खाणीत हे म्हणजे टोकन नंबर. निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मागच्या फलकावर लिहिलं होतं, 'समस्त सेवानिवृत्त कर्मचारी'. आमच्या लग्नात पत्रिका छापल्याच नव्हत्या. यांचं नाव छापून आलं ते मतदार यादीत, आणि तिथे फोटो दुसऱ्याचा होता. तो माणूस अजून सापडला नाही. म्हणून त्या ब्रीडरच्या रकान्याची यांना ओढ लागली. तोंडाने कधी बोलले नाहीत. पण संध्याकाळी फाईल उघडून त्या एकाच ओळीकडे पाहत बसलेला माणूस काय मागून राहिला आहे, ते बायकोला कळतं.

तर ही नोंद ठेवणारी संस्था दूर एका मोठ्या शहरात आहे. शुद्ध जातीची कुत्री जन्मली की तिला कळवायचं. ती पुस्तकात नंबर घालते, पिल्लाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा बसवायला लावते, त्यात तो नंबर. जन्मतारीख एका दिवसाने इकडची तिकडे झालेली चालत नाही. आमच्या पिढीत वस्तीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख शाळेच्या गुरुजींनी पोराच्या उंचीवरून ठरवली. सगळे जुलैत जन्मले. म्हणजे आम्ही या संस्थेत नापासच झालो असतो.

संस्थेचा इतिहास मला रेंजर साहेबांनी सांगितला. रेंजर साहेब म्हणजे जंगल खात्यातून निवृत्त झालेले, आमच्या वॉर्डापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. मूळ गाव रामपायलीकडचं, भाताची शेती, घरात मराठीच. आमच्या बालाघाटात कागदवाला अल्सेशियन नर त्यांच्याकडेच होता. वर्षातून एकदा ते त्याला गाडीत घालून कुत्र्यांच्या शोला न्यायचे. तिथे टाय लावलेला जज कुत्र्याचे दात बघतो, पळवतो, शेपटी तपासतो आणि रिबन देतो. साहेबांच्या बैठकीत सात रिबनी टांगल्या आहेत, मुलाच्या पदवीच्या वर.

"पहिले राजे-रजवाडे कुत्रे ठेवत," साहेब सांगत होते, "मंग इंग्रज साहेब लोकाइनं हे नोंदीचं काम चालू केलं. आता आपल्यासारखे लोक सांभाळून राह्यले."

आपल्यासारखे म्हणताना त्यांनी फक्त स्वतःकडे पाहिलं.

हे बोलणं झालं आमच्याच घरी, कुत्री पाहण्याच्या कार्यक्रमात. हो, पाहण्याचा कार्यक्रमच. यांनी निरोप दिला होता की आमची उपवर आहे. साहेब आले, खुर्चीवर बसले, कुत्रीला चालवून दाखवायला सांगितलं. दात पाहिले. फाईल मागितली, चौदा चौकोन वाचले. यांना विचारलं, "हिच्या मायच्या घरचे कोनते?" हे उभेच होते, हात बांधून. मला हसू आलं, कारण माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी हे अगदी तसेच उभे होते. साहेबांनीही मग आपल्या कुत्र्याच्या कागदाची प्लास्टिक लावलेली प्रत काढून टीपॉयवर ठेवली. "ठेवा तुमच्याजवळ. पाहून घ्या खानदान."

मी चहा आणला. साहेबांची नजर भिंतीकडे गेली. तिथे निळ्या कोटातली तसबीर आहे, आणि शेजारी शांत बसलेले भगवान. साहेबांना एकदम उपास आठवला.

"आज सोमवार आहे न."

ठीक आहे. पुढे ते मंगळवारी आले, तेव्हा मारुतीचा होता. गुरुवारी गुरूचा. शनिवारी शनीचा. एकदा बुधवारी आले, मी म्हटलं आज तरी सापडले. म्हणाले, "आज एकादशी." मी कॅलेंडर पाहिलं, एकादशी परवा होती. आमच्या उंबऱ्यात पाय पडला की त्यांचं पोट देवाला वाहिलेलं. एका गुरुवारी मी त्यांना बस स्टँडवर समोसा खाताना पाहिलं, पण तो कदाचित उपासाचा समोसा असेल.

रीत अशी असते की मादी नराच्या घरी जाते. साहेब म्हणाले, "आमच्या अंगनात नको, कुत्रा बिथरते." मग नवरदेवच आमच्याकडे आला आणि दोन दिवस राहिला. त्याचा काही उपास नव्हता. भात खाल्ला, मटणाचा रस्सा खाल्ला, माझ्या हातून भाकरी खाल्ली आणि स्वयंपाकघराच्या दारात झोपला. त्याच्या कागदाला काहीही झालं नाही.

हे मात्र मुलीकडच्या बाजूसारखे वागत राहिले. साहेबांना रस्त्यात भेटले की आधी नमस्कार यांचा. बागेतली पपई गेली, कटंगीच्या बाजारातून आणलेली मासळी गेली. पिशवीतून आलेली मासळी साहेबांना चालायची. मी म्हणायची, "कुत्र्याचे इवाई आहेत ते, पोरीचे नाही." आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. हे म्हणायचे, "सही पाह्यजे न त्याइची. फॉर्मवर दोघाची सही लागते."

सहा पिल्लं झाली. नराच्या मालकाला पहिलं पिल्लू निवडायचा मान असतो, म्हणून साहेब आले. चष्मा लावून एकेकाला उचललं आणि बाजारात गोऱ्हा निवडावा तसा सगळ्यात काळा नर निवडला. दूध सुटलं की नेतो म्हणाले. मग यांनी नोंदणीचा फॉर्म दिवाणावर पसरला. हा फॉर्म ठरलेल्या दिवसांत पोहोचला नाही तर पिल्लं पुस्तकात चढत नाहीत, कायमचीच. साहेबांनी पेन उघडलं आणि थांबले.

"हे ब्रीडरच्या जागी तुमचं नाव काहून?"

"मादी ज्याची त्याचं नाव लागते साहेब. नियमच आहे तसा."

"कोन सांगतलं?"

"फॉर्मवरच छापून आहे. खालच्या बाजूले."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. इतके महिने ते वरपक्ष म्हणून पपया खात होते, आणि त्या साहेबी संस्थेने पोरं सगळी मुलीकडच्यांच्या नावावर लावून ठेवली होती.

"अरे पण बाप तर माझा कुत्रा आहे," साहेब म्हणाले. "वंश बापाकडून चालते का मायकडून?"

मी दारात उभी होते. म्हटलं, "मानसात बापाकडूनच चालते साहेब. कुत्रे अजून सुधरले नाहीत."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी विचार करून सांगतो." आणि गेले.

विचार लांबत चालला. यांनी फोन केला तर साहेब बाहेर. दुसऱ्यांदा केला तर साहेब पूजेत. दिवस भराभर संपत होते. हे मला म्हणाले, "जाऊ दे. बिना कागदाचेही भुंकतेतच." असं म्हणून विषय संपवला. पण मी जुन्या कॅलेंडरची पानं रद्दीत टाकायला काढली, तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूवर यांनी स्वतःचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून पाहिलं होतं. फॉर्ममधल्या चौकोनांसारखे चौकोन आखून, एका चौकोनात एक अक्षर. पाच-सहा पानं. शेवटच्या पानावर बरोबर बसलं होतं.

त्या दिवशी मी त्या फाईलीला हात घातला.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी मी यांच्या गोळ्यांच्या पाकिटांवरून आणि मोबाईलवरून शिकले. शुगर कोणती, प्रेशर कोणती, हे चुकून चालत नाही, म्हणून अक्षर लवकर आलं. भिंग घेतलं आणि साहेबांच्या कुत्र्याचं खानदान एकेक चौकोन वाचायला बसले. बापाकडचं सगळं भरलेलं. आईकडचं वाचत खाली आले. आईची आई, मग तिची आई. त्या शेवटच्या चौकोनात नाव नव्हतं, तिच्या जोडीदाराच्या चौकोनातही नव्हतं. एकच शब्द होता, आणि तो मला वाचावाही लागला नाही. रोज मोबाईलवर येतो, विमा घ्या म्हणून. अननोन.

जनावरांच्या दवाखान्यातले एक जुने कंपाउंडर भाऊ आमच्या गल्लीतच राहतात. त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "चालते हे. बिना कागदाचं जनावर शोमधी नेऊन उभं करते. जज पाह्यते. कान पाह्यते, शेपटी पाह्यते, चाल पाह्यते. जातीचं वाटलं का लिहून देते. मायबाप अननोन."

"पाहूनच?"

"पाहूनच. मंग तिचे पिल्ले, त्या पिल्लाइचे पिल्ले. तीन पिढ्या झाल्या का ते अननोन पानाच्या खाली सरकून जाते. पान साफ."

मी घरी येईपर्यंत हसत होते, आणि घरी आल्यावर हसू थांबलं. दोन मिनिटं नजर टाकून एखाद्याची जात ठरवायची, ही कला काही त्या संस्थेने शोधलेली नाही. ती मी लहानपणापासून पाहत आले. फक्त तिथे पाहून आत घेतात.

दुसऱ्या दिवशी यांना घेऊन साहेबांच्या घरी गेले. त्यांच्या बाईंनी "या वहिनी, बसा" म्हणून खुर्च्या पुढे केल्या. बाई चांगल्या आहेत. चहा आला. साहेबांचा कपबशीत, आमचा कागदी गिलासात. बाईंनी ट्रे ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी गिलास उचलून प्यायले. आमचा काही उपास नसतो.

"साहेब, एक इचाराचं होतं," मी म्हटलं, आणि कागद पुढे केला. "ही चौदावी कोन?"

साहेबांनी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता.

"ते तसं नसते बाई. ते टेक्निकल आहे."

"हौ, असंन. मले काय समजते. पण सोयरीक केली, तर पोराची पणजी कोन्या गावची, एवढं तर इचाराच लागते न. आमच्या पोरीचे तर तुम्ही चौदाच्या चौदा वाचले होते."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हे पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले होते.

"हे कोनाले दाखवलं?" साहेबांनी विचारलं.

"अजून तर नाही."

'अजून' हा शब्द मी तिथेच टीपॉयवर ठेवून दिला. तो पाहता पाहता साहेबांचा चहा थंड झाला.

"फॉर्म आनला का?"

"नाही आनला. इवायाची सही पोरीच्या घरी येऊन होते."

वाटेत हे मला रागावले. "तू मोठ्या मानसाले असं बोलते." दहा पावलं गेल्यावर म्हणाले, "येतीन का पन?"

मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा साहेब आले. बसले, सही केली, तारीख घातली. मी चहा ठेवला. या वेळी कोणत्याच देवाचं नाव निघालं नाही. त्यांनी कप उचलला, ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"साखर थोडी जास्त झाली."

यांना शुगर आहे. आमच्या घरी चहात साखर पडत नाही, त्याला आता पाचवं वर्ष. मी कप उचलून मोरीत ओतला. काठोकाठ भरलेला होता.

फॉर्म पोहोचला. पावसाळा संपता संपता जाड पाकीट आलं, सहा कागदांचं. यांनी हात धुतले, पुसले, मग उघडलं. समोरच्या बाजूला, खालच्या ओळीत, छापील. भिंग लावून वाचलं, मला वाचायला दिलं, परत घेतलं.

"लय बारीक छापलं," मी म्हटलं.

"हौ. पन छापलं."

मी मात्र दुसरंच शोधत होते. चौदाच्या चौदा चौकोन भरलेले. ती अननोन म्हातारी एक पिढी खाली सरकून पानाबाहेर गेली होती. कंपाउंडर भाऊ म्हणाले तसंच, पान साफ. मी आमच्यासाठी ठेवलेल्या पिल्लाचा कागद उलटा केला आणि मागे पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढला. हे म्हणाले, "काहून खराब करते?" मी म्हटलं, "राहू द्या. कोनाची तरी पणजी होती." हिरवं लुगडं नसेल तिचं, पण कोणत्या तरी गावाहून चालत आलीच असेल.

आता मला वाटलं संपलं. पण संस्थेचा आणखी एक नियम होता, तो मला माहीत नव्हता, आणि साहेबांच्या लक्षात राहिला नव्हता. साहेबांचं निवडलेलं पिल्लू केव्हाच त्यांच्या घरी गेलं होतं, मोठं झालं होतं, शोची तारीख जवळ आली होती. पण कागदावर ते अजून आमचंच होतं. ब्रीडरने मागच्या बाजूला सही करून दिल्याशिवाय ते साहेबांचं होत नाही, आणि शोमध्ये साहेबांच्या नावाने उभं राहू शकत नाही.

साहेब आले. बुधवार होता. एकादशी जवळपास कुठे नव्हती, मी आधीच पाहून ठेवलं होतं. त्यांनी कागद दिवाणावर ठेवला आणि स्वतःचं पेन यांच्यापुढे धरलं. मी चहाचे दोन कप आणले, एक साहेबांसमोर ठेवला, एक यांच्या. मी तोंड उघडणारच होते. अशा वेळी हे माझ्या आधी कधी बोलले नाहीत, त्या दिवशी बोलले.

"साहेब, पहिले चहा घ्या," हे म्हणाले. "मंग सही करू."

आवाज नेहमीचाच होता, खालचा. पेन हातात घेतलं होतं, टोपण काढलं नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पायरीवरच्या कुत्रीकडे पाहिलं. कुत्रीने जांभई दिली. यांनी आपला कप उचलून एक घोट घेतला आणि थांबले. डंपर भरेपर्यंत खाली थांबायची सवय असलेला माणूस आहे, त्याला घाई नसते. साहेबांनी कप उचलला. पहिला घोट औषधासारखा गेला. दुसरा बरा गेला. मग बशीत ओतून राहिलेला प्यायले, आणि कप उपडा नाही पण रिकामा खाली ठेवला.

"साखर बरोबर आहे न?" मी विचारलं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले.

त्या दिवशीही घातली नव्हती. यांनी पेनाचं टोपण काढलं आणि नाव लिहायला घेतलं, सावकाश, पूर्ण, एकेक अक्षर वेगळं.